आवराआवर

आपला दिवाणखाना उसना देणारं घर जगात दुसरं कुठं असेल असं वाटत नाही. पण धाकट्या सुनेनं मागितला आणि अण्णांनी दिला. काचेच्या टीपॉयसकट दिला, टीव्हीसकट दिला, भिंतीवरचं घड्याळ दिलं आणि गोल काचेच्या भांड्यातला लाल मासासुद्धा दिला. या माशाला घरात सगळे 'साहेब' म्हणत. त्याच्यासमोर कुणीही उभं राहिलं तरी तो तोंड उघडायचा, काही न बोलता मिटायचा आणि पाठ फिरवून निघून जायचा, म्हणून साहेब.

"साहेबांना वारा लागू देऊ नका," एवढी एकच अट अण्णांनी घातली.

अण्णांचं काचेचं दुकान होतं. वाचनालयाच्या वरच्या हॉलच्या खिडक्यांना त्यांनी काचा बसवून दिल्या होत्या आणि धाकटी बसवत असलेलं नाटक त्याच हॉलमध्ये व्हायचं होतं. त्यामुळे प्रमुख पाहुणे कोण, हा प्रश्नच उरला नव्हता. धाकटीच्या नाटकाच्या मंडळींकडे उत्साह सोडला तर सामान म्हणून काहीच नव्हतं. रागीट नवरा झाला होता एक विमा एजंट, ज्याला वरच्या पट्टीत बोलण्याची सवय नसल्यानं तालमीत रोज मिठाच्या गुळण्या कराव्या लागत होत्या. बायको झाली होती पोस्टातली एक कारकून. घरातला राग, मारहाण, मनाची दुखणी, असं जे लोक दार लावून करतात आणि दार लावून सोसतात, ते या मंडळींना दार उघडून दाखवायचं होतं. आधी प्रसंग एकदा करून दाखवायचा, मग तोच पुन्हा करायचा. त्या वेळी प्रेक्षकांतल्या कुणीही "थांबा" म्हणून उठावं, रंगमंचावर यावं आणि आपण काय केलं असतं ते करून दाखवावं.

"प्रेक्षकांनीच कामं करायची तर नट कशाला पाहिजेत?" अण्णांनी विचारलं होतं.

"सुरुवात करून द्यायला," धाकटी म्हणाली.

"आणि नाटकाचं नाव काय?"

"नाव नाही. ते शेवटी प्रेक्षकांनी द्यायचं."

"मग पाटीवर काय लिहिणार तू? कपाळ?"

आता टेम्पोत सामान चढलं होतं आणि थोरली सून साहेबांचं भांडं मांडीवर घेऊन मागे बसली होती. पाणी काठोकाठ होतं. रस्त्यात खड्डे होते. तरी एक थेंब सांडला नव्हता, कारण पाण्यानं भरलेलं भांडं हलवण्याचा तिचा हात या घरात येऊन फार बसला होता.

तो का बसला होता, हे सांगितलंच पाहिजे. अण्णांना राग आला की ते आधी आवाज चढवत नसत. ते चष्मा काढायचे, त्याच्या काड्या एकेक करून मिटायचे आणि चष्मा खिशात ठेवायचे. एवढं झालं की घर कामाला लागायचं. अण्णांची बहीण, म्हणजे घरातली आत्या, उंचीनं चांगली. ती खिळ्यावरून घड्याळ उतरवायची. थोरलीचा नवरा, दादा, टीव्ही उचलायचा. त्याचा धाकटा भाऊ टीपॉयची काच काढून काखेत मारायचा. थोरली साहेबांना घ्यायची. कुणी कुणाला हाक मारायचं नाही, कुणी कुणाच्या अंगावर आदळायचं नाही. सगळे बाहेर पडले की दार लागायचं. याला घरात 'आवराआवर' म्हणत, आणि पाहुणे यायच्या आधीच्या आवराआवरीलाही तेच म्हणत, म्हणजे कुणाला शंका नको. थोड्या वेळानं अण्णा बाहेर येऊन चहा मागायचे, आणि ते चहा पिईपर्यंत घड्याळ खिळ्यावर आणि साहेब जाग्यावर. आजवर त्या घरात एक कप फुटला नव्हता. आणि ज्या घरात काही फुटत नाही त्या घरात राग आहे, असं कोण म्हणेल? अण्णा तर मुळीच म्हणत नसत. आमच्याकडे आवाजसुद्धा चढत नाही, असं ते दुकानात गिऱ्हाइकांना अभिमानानं सांगत.

आवराआवरीत आईला, म्हणजे अण्णांच्या बायकोला, मात्र काही उचलायचं नसे. तिचं काम खोलीत थांबायचं. तिचं मनगट एकदा मोडलं, तेव्हा ते दारात सापडलं होतं. पुढं दुसऱ्यांदा मोडलं, तेव्हाही दारातच.

हे सगळं थोरलीच्या अंगवळणी पडलं होतं. इतकं, की एक थेंब सांडत नाही याचा तिला चक्क अभिमान वाटायचा. मग परवा-परवा दादाला चाळिशीचा चष्मा लागला. किल्ली सापडत नाही एवढ्या कारणावरून एका संध्याकाळी त्यानं तो काढला, काड्या मिटल्या आणि खिशात ठेवला. आणि थोरलीच्या डोळ्यांदेखत तिची मुलगी टिकली अभ्यास सोडून उठली आणि साहेबांचं भांडं उचलून बाहेर गेली. तिला कुणी शिकवलं नव्हतं. पण थोरलीचं काळीज चरकलं ते त्यानं नाही. ते भांडं मुलीला उचलावं लागलं, कारण ती स्वतः जागची हलली नव्हती. ती दादासमोर उभी होती, बरोबर जिथं आई उभी राहते तिथं.

दादानं त्या दिवशी काही केलं नाही. किल्ली सापडली. पण थोरलीचं तेव्हापासून कशात लक्ष लागेना. तिनं हे फक्त जाऊबाईंना, म्हणजे धाकटीला सांगितलं होतं, आणि जाता जाता म्हणाली होती, "त्या तुझ्या नाटकात चष्म्याचं घाल गं कुठंतरी."

"बघ हं ताई," धाकटी म्हणाली होती. "घातलं तर मग ते घातलं."

*

हॉल भरला होता. पहिल्या रांगेत घरची मंडळी ओळीनं बसली. मधे अण्णा, त्यांच्या डाव्या हाताला आई, मग इकडे आत्या आणि तिकडे बाकीचे. टिकली मागे मैत्रिणींत बसली होती. घरात नाटकावरून दोन तट पडले होते. आत्या आणि दादा विरुद्ध. धाकटा बायकोकडून, पण आत्याच्या देखत नाही. थोरली कुणाकडून आहे हे कुणी विचारलं नव्हतं, कारण तिला मत असेल असं कुणाच्या डोक्यात आलं नव्हतं.

"चार लोकांत घरातलं काढायचं हे कसलं नाटक?" आत्या कुजबुजली.

"आपल्या घरातलं नाहीये ते," दादा म्हणाला.

"तेच म्हणते मी. आपल्या घरात आहेच काय काढायला?"

अण्णांनी भाषण केलं. काच आणि घर यांत फरक नाही, दोन्ही नीट हाताळली तर पिढ्यान्‌पिढ्या टिकतात, असं ते म्हणाले आणि लोकांनी टाळ्या वाजवल्या. मग पडदा सरकला आणि रंगमंचावर त्यांचा स्वतःचा दिवाणखाना उभा राहिला. घड्याळ त्याच उंचीवर होतं. टीपॉय त्याच कोनात होता. साहेब कोपऱ्यातल्या स्टुलावर आपल्या भांड्यात फिरत होते.

"बरं मांडलंय," आई हळूच म्हणाली. एवढ्या दिवसांत नाटकाबद्दल ती बोललेलं हे पहिलंच वाक्य होतं.

प्रसंग साधा होता. नवरा कामावरून येतो, बायको चहा ठेवते, चहा गार होतो. विमा एजंट बिचारा इतक्या सौजन्यानं रागवायला लागला की मागच्या रांगेतून कुणीतरी "अहो, जरा मोठ्यानं!" असं ओरडलं. लोक हसले. अण्णाही हसले. एजंट गोंधळला. मग त्याला आठवण झाल्यासारखं त्यानं डोळ्यांवरचा चष्मा काढला. एक काडी मिटली. दुसरी मिटली. चष्मा खिशात ठेवला.

आत्या उठली.

ती कुणाकडे न बघता पायऱ्या चढून रंगमंचावर गेली आणि तिनं टाचा उंचावून घड्याळ खिळ्यावरून उतरवलं. तिच्यामागे दादा. त्यानं टीव्हीची वायर मनगटाला गुंडाळली आणि टीव्ही पोटाशी धरला. धाकट्यानं टीपॉयची काच अलगद सुटी केली आणि काखेत मारली. एजंट हातातला कप तसाच धरून त्यांना वाट देत होता. आणि थोरली, जिला हे सगळं आधीपासून ठाऊक होतं, जिनं स्वतःच्या तोंडानं ते घाल म्हणून सांगितलं होतं, तीसुद्धा साहेबांना घेऊन पडद्याआड उभी होती. आपण खुर्चीवरून कधी उठलो हे तिला आठवेना. पाणी सांडलं नव्हतं.

बघता बघता रंगमंच रिकामा झाला. लोकांना वाटलं हे नाटकातच आहे. त्यांनी टाळ्या वाजवल्या.

रिकाम्या रंगमंचावर पोस्टातली बाई एकटी उभी होती. तिनं तालमीत पाठ केलेलं वाक्य आता कुठं बसेना. तिनं पडद्याआड डोकावून बघितलं, सामान घेऊन उभ्या असलेल्या सगळ्यांकडे एकेक करून बघितलं आणि तिला जे सुचलं ते ती बोलली.

"घड्याळ नेलंत. मासा नेलात. मला नाही का न्यायचं?"

लोक हसले, आणि मग हळूहळू हसायचे थांबले.

थोरलीनं पडद्याच्या फटीतून खाली बघितलं. पहिल्या रांगेतल्या सगळ्या खुर्च्या रिकाम्या होत्या. मधे फक्त अण्णा आणि आई बसले होते. आई उठली नव्हती. तिला वाटलं असणार आवराआवर चालू आहे, आणि आवराआवरीत तिनं थांबायचं असतं. तिचे दोन्ही हात मांडीवर होते आणि एका हातानं दुसऱ्या हाताचं मनगट धरलं होतं. थोरलीला तिथल्या तिथं रडू कोसळलं. हात मोकळे नसल्यानं तिला डोळे पुसता येईनात, आणि समोरून साहेब तोंड उघडून तिच्याकडे बघत होते.

धाकटी पुढे आली. तिचा चेहरा पांढराफटक पडला होता, पण सूत्रधाराचं काम तिनं सोडलं नाही. "कुणीतरी काहीतरी केलंय," ती म्हणाली. "आपण त्यावर बोलू या."

चर्चेसाठी बोलावलेल्या समुपदेशक बाई कडेला बसल्या होत्या. त्या दर गुरुवारी इथंच खालच्या खोलीत लोकांना भेटत, आणि अण्णा त्यांना 'गप्पांच्या बाई' म्हणत. त्यांनी अगदी साध्या आवाजात विचारलं, "तुम्ही सामान का उचललंत?"

आत्यानं घड्याळ छातीशी घट्ट धरलं. तेव्हा घरातला कर्ता माणूस म्हणून आणि प्रमुख पाहुणा म्हणूनही, अण्णा उभे राहिले.

"ते सामान आमचं आहे," ते म्हणाले. "काचेचं आहे. फुटू नये म्हणून माझ्या घरच्यांनी बाजूला केलं. यात काय चुकलं?"

"पण ते फुटेल असं कशावरून वाटलं? त्यांनी अजून आवाजही चढवला नव्हता."

"वा! चष्मा नाही का काढला त्यानं?" अण्णा म्हणाले.

बोलून झाल्यावर त्यांना ते ऐकू आलं. त्यांचा हात आपोआप स्वतःच्या चष्म्याकडे गेला आणि मधेच थांबला. अण्णांनी चष्मा नाकावर नुसता वर सरकवला आणि ते खाली बसले.

"आणि त्या एकट्याच का राहिल्या तिथं?" मागून एका म्हाताऱ्या गृहस्थांनी पोस्टातल्या बाईकडे बोट करून विचारलं.

उत्तर पहिल्या रांगेतून आलं. आईनं मागं वळूनही बघितलं नाही. कुणी घरातली वस्तू कुठं ठेवलीय हे विचारावं आणि तिनं सांगावं, तशी ती म्हणाली, "तिनं थांबायचं असतं. कुणीतरी समोर लागतं ना त्यांना."

त्यानंतर लोक जे बोलायला लागले ते थांबेचनात. एक शिक्षिका रडली. एक पोलीस बोलता बोलता मधेच खाली बसला. नाटकाला नाव द्यायचं राहूनच गेलं.

*

परतीच्या टेम्पोत अण्णा पुढे ड्रायव्हरशेजारी बसले. मागे आत्यानं धाकटीवर तोंडसुख घेतलं.

"सामान आमचंच कशाला घ्यायचं? दुसऱ्याचं असतं तर मी उठले असते का?"

"तुम्ही उठालच असं मला थोडंच माहीत होतं, आत्या!"

"मी उठले नाही. माझे पाय उठले."

"वहिनी, तुला माहीत होतं?" धाकट्यानं थोरलीला विचारलं. तिनं मान डोलावली. दादानं तिच्याकडे बघितलं. तो काहीतरी बोलणार होता, पण टेम्पो थांबला.

घरी येऊन सगळ्यांनी सामान मुकाट्यानं जागच्या जागी लावलं. घड्याळ खिळ्यावर गेलं, टीपॉयवर काच बसली, टीव्ही आणि साहेब आपापल्या ठिकाणी गेले. अण्णा खोलीच्या मध्यभागी उभे राहून हे बघत होते. ही माणसं किती सफाईनं काम करतात हे ते जणू आज पहिल्यांदा बघत होते, आणि ते बघणंच त्यांना सहन झालं नाही.

"सगळ्या गावासमोर," ते हळू आवाजात म्हणाले. "माझ्या घरात बसून, माझं खाऊन, माझंच नाटक." त्यांनी चष्मा काढला. एक काडी मिटली.

आत्याचा हात घड्याळाला लागला. दादा टीव्हीकडे वळला. धाकटा वाकला. थोरलीचे तळवे भांड्याच्या काचेला लागले आणि तिला पाण्याचा गारवा जाणवला.

दुसरी काडी मिटली.

थोरलीनं भांडं सोडलं. ती खोली ओलांडून गेली आणि तिनं आईचा हात धरला, मनगटाच्या वर, जपून.

"आई, चला."

"अगं, पण मी गेले तर..."

"चला म्हणते ना."

आईनं अण्णांकडे बघितलं, साहेबांकडे बघितलं. "आणि साहेब?"

"राहू देत त्यांना."

आई निघाली. तिला चालत बाहेर पडताना बघून बाकीच्यांचं गणितच चुकलं. धाकटीनं टिकलीला पुढं घातलं, धाकट्यानं काच परत टीपॉयवर ठेवली, दादानं टीव्ही सोडला, आणि सगळे एकामागून एक जिन्यात आले. दार लागलं. आत पहिल्यांदाच सामान होतं आणि माणूस एकच होता.

जिन्याच्या पायऱ्यांवर सगळे बसले. आत्याच्या हातात घड्याळ तसंच राहिलं होतं.

"अहो आत्या, ते कशाला आणलंत?" धाकटा म्हणाला.

"राहिलं हातात," आत्या म्हणाली. मग थोडं थांबून आईकडे न बघता म्हणाली, "वहिनी, मी आधी तुला आणायला पाहिजे होतं गं. मी उंच आहे ना, मला घड्याळच दिसायचं."

आईनं पदरानं घड्याळाच्या काचेवरचे बोटांचे ठसे पुसले.

मग आत काच फुटली. मोठी, जाड काच होती. टीपॉयची. टिकली दचकून आजीला बिलगली. थोरलीला वाटलं, संपलं. आपण एवढी वर्षं थेंब सांडू दिला नाही आणि आज आपल्यामुळे घरात काच फुटली. दादा ताडकन उठला, पण तिनं त्याच्या शर्टाचं टोक धरलं.

आत कितीतरी वेळ काहीच आवाज आला नाही.

दार उघडलं. अण्णा उंबऱ्यात उभे होते. चष्मा नसल्यानं डोळे बारीक करून ते कोण कुठं बसलंय ते बघत होते. त्यांच्या दोन्ही हातांत साहेबांचं भांडं होतं. अर्धं पाणी शर्टावर सांडलं होतं आणि उरलेल्या अर्ध्यात साहेब गरागरा फिरत होते. एवढं भांडं सांभाळायला किती अवघड असतं हे अण्णांना माहीत असायचं काही कारण नव्हतं.

"काच फुटली," ते म्हणाले.

भांड्यातलं पाणी उंबऱ्यावर ठिबकत होतं.

"मी फोडली," अण्णा म्हणाले. मग भांडं थोरलीच्या हातात देऊन ते आईला म्हणाले, "तू आत ये."

आई जागची उठली नाही. तिचा आवाज जिन्यातल्या सगळ्यांना नीट ऐकू आला.

"आधी झाडून काढा. मग येते."

अण्णा आत गेले आणि लगेच परत आले. "झाडू कुठं असतो?"

एवढ्या घरात हे माहीत नसलेला तो एकच माणूस होता. आत्यानं सांगायला तोंड उघडलं आणि धाकटीनं तिच्या गुडघ्यावर हात ठेवला.

"दाराच्या मागं," आई म्हणाली आणि बसूनच राहिली.

थोरलीनं दादाच्या शर्टाचं टोक सोडलं. "तुम्हीपण जा," ती म्हणाली. "दोघं मिळून झाडा."

दादानं तिच्याकडे बघितलं. त्यानं खिसा चाचपला, चाळिशी काढली, डोळ्यांवर चढवली आणि तो आत गेला. मग आतून झाडूचा आवाज यायला लागला. झाडणाऱ्याला सवय नाही हे कुणालाही कळलं असतं. काच एकीकडून दुसरीकडे नुसती लोटली जात होती.

"कोपऱ्यातून घे," अण्णांचा आवाज आला. "बारीक कण ओल्या कागदानं टिपायचे." मग बराच वेळ नुसताच झाडू. मग पुन्हा अण्णा, अगदी हळू, "त्या गप्पांच्या बाई कुठल्या वारी बसतात रे?"

"गुरुवारी," आतून दादा म्हणाला. "मी विचारून आलोय त्यांना. किल्लीचं झालं ना, त्याच्या दुसऱ्याच दिवशी."

थोरलीच्या हातातलं पाणी हिंदकळलं आणि चांगलं ओंजळभर तिच्या मांडीवर सांडलं. ते पुसायचं तिला सुचलं नाही.

"सांडलं गं," आई म्हणाली.

"सांडू देत," थोरली म्हणाली.